तीन नंबरचा सिलिंडर : जुन्या बीटलच्या इंजिनाला टर्बो, कॉलेज प्रकल्पाच्या नोंदी

11 ऑगस्ट 2025

इंजिन आलं. मिरजेहून छोट्या हत्तीत, खाली दोन जुने टायर आणि वर ताडपत्री. उतरवायला चौघं लागलो आणि चौघांनाही ते दिसतं त्यापेक्षा हलकं वाटलं. क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूची आहे, त्याचा हा गुण.

फोक्सवॅगन बीटल 1300, मॉडेल 1966. बोअर 77 मिमी, स्ट्रोक 69, म्हणजे 1285 सीसी. कॉम्प्रेशन 7.3 ला 1. कंपनीच्या आकड्याप्रमाणे 4000 आरपीएमला 40 हॉर्सपॉवर. चार सिलिंडर आडवे, दोन इकडे, दोन तिकडे. रेडिएटर नाही, पाणी नाही. डायनॅमोच्या शाफ्टवर मोठा पंखा, त्याच्यावर पत्र्याचं घर, आणि त्या घरातून सगळी हवा खाली बॅरलच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यांच्या, पाकळ्यांवर.

गाडी काकांची. म्हणजे आमच्या चौघांच्या ग्रुपमधल्या तासगावचीच्या (आम्ही एकमेकांना गावावरूनच ओळखतो) वडिलांचे मित्र, त्यामुळे आता आमचे सगळ्यांचेच काका. 2019 च्या पुरात ही गाडी सांगलीच्या गावभागातल्या शेडमध्ये अडकली आणि छतापर्यंत पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर मेकॅनिकनं ऑइल काढलं, प्लगच्या भोकांतून डिझेल ओतलं आणि सांगितलं, "आता ठेवा बाजूला." सहा वर्षं ती बाजूलाच होती.

काकांची अट एकच : "काय प्रयोग करायचे ते करा. पण शेवटी ते माझ्या गाडीत बसवून चालू करून द्यायचं. टर्बो-बिर्बो तुमचं तुम्ही काढून न्या."

18 ऑगस्ट

विषय मंजूर व्हायच्या आधी सरांनी विचारलं, "टर्बोनं उष्णता वाढणार. ज्या इंजिनाला पाणीच नाही, त्याच्यावर हा उद्योग कशाला?"

ग्रुपमधला जतचा तयारी करून आला होता. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचं, 1905 चं. पण रस्त्यावरच्या कारला टर्बो लागला तो 1962 मध्ये, आणि त्या पहिल्या दोन गाड्यांपैकी एक हवेवर थंड होणारीच होती : शेवरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर. मागे बसवलेलं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, 150 हॉर्सपॉवर. तिला वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला चुकवून सोडणारी झडप) नव्हतंच, सायलेन्सरच्या अडथळ्यावरच बूस्टला, म्हणजे टर्बोनं वाढवलेल्या दाबाला, लगाम. दुसरी ओल्डस्मोबिल जेटफायर. तिचं इंजिन पाण्याचं, तरी नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) थांबवायला पाणी-मिथेनॉलची फवारणी करावी लागायची. पुढे 1975 ची पोर्शे 911 टर्बो, तीही हवेवरचीच, 260 हॉर्सपॉवर, त्यासाठी कॉम्प्रेशन 6.5 वर उतरवलेलं.

सर म्हणाले, "ती पोर्शे होती." पण सही केली.

9 सप्टेंबर

गणपती झाले, इंजिन उघडायला घेतलं. दोन आणि चार नंबरचे पिस्टन बॅरलमध्ये चिकटलेले. तीन दिवस डिझेल-ऑइल मुरवलं, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत काढले. क्रँक आणि बेअरिंग चांगली निघाली, त्या मेकॅनिकला दुवा. केसवर मात्र पांढरी पावडर, खडूसारखी. मॅग्नेशियम पाण्यात राहिलं की असं होतं. सिलिंडर बसतात ती तोंडं साफ करून सरळ करायची, म्हणून केस घेऊन कुपवाड एमआयडीसीत गेलो.

लेथवाल्या मामांनी केस हातात घेतली, नखानं खरवडली आणि आधी झाडू मागवला.

"आरं, ह्यो मॅग्नेशियम हाय. ह्याची चिप साठू द्यायची न्हाई. एकदा पेटली की पाणी टाकायचं न्हाई, पाण्यानं आणखी भडकतीय. त्या बादलीत वाळू हाय का बघा आधी."

वाळू नव्हती. विट्याचा समोरच्या बांधकामावरून घमेलंभर घेऊन आला, तेव्हा मामांनी मशीन चालू केलं. पुस्तकात हे वाचलं होतं. पण बादली रिकामी आहे का, हे बघायचं आम्हां चौघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

2 ऑक्टोबर, दसरा

पाने, फिलर गेज, टॉर्क रेंच मांडून पूजा. इंजिनाला झेंडूची माळ. आज कुणी पान्याला हात लावला नाही. नाहीतरी पुण्याहून रिंगा अजून आलेल्या नाहीत.

16 ऑक्टोबर

रिंगा आल्या, बॅरल होन करून बसवली, हेड टॉर्कनं आवळली. टॅपेटची फट 0.10 मिमी.

4 नोव्हेंबर

चालू झालं! चौथ्या स्टार्टला. पहिला मिनिटभर एवढा धूर की शेजारच्या लॅबमधून माणसं बघायला आली.

इंजिन त्याच्याच गिअरबॉक्सच्या घरावर बसवून हायड्रॉलिक डायनॅमोमीटरला (लोड देऊन इंजिनाचा जोर मोजणारं यंत्र) जोडलंय. या डायनॅमोमीटरवर पूर्वी प्रीमियर पद्मिनीचं इंजिन असायचं, त्याचा फाउंडेशन तसाच वापरला. गाडीत नसताना हे तापणार नाही का, असं सगळे विचारतात. बीटलला समोरच्या वाऱ्याची गरजच नाही, पंखा इंजिनच फिरवतं. उभ्या गाडीतही ती तशीच थंड होते.

टर्बो न लावता, 3000 आरपीएम, पूर्ण थ्रॉटल : टॉर्क 68 न्यूटन-मीटर, म्हणजे 21.4 किलोवॅट. प्रत्येक प्लगखाली तापमान मोजणारी थर्मोकपलची रिंग घातलीय. दोन मिनिटांनी हेडचं तापमान, अंश सेल्सिअसमध्ये : एक नंबर 158, दोन 161, तीन 189, चार 166.

तीन नंबर वेगळा पडला. पण हा बीटलचा जुना आणि सगळ्या जगाला माहीत असलेला रोग आहे. ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, बरोबर तीन नंबरच्या वर उभा असतो. तीन नंबरला मिळणारी हवा आधी ऑइलची उष्णता पिऊन येते. पुढे सत्तरच्या आसपास कंपनीनं कूलर त्या वाटेतून बाजूला काढला. आमचं इंजिन त्याच्या आधीचं. वहीत लिहिलं : "तीन नंबर गरम, कारण कूलरची जागा. अपेक्षित." आणि पुढे गेलो.

19 नोव्हेंबर

टर्बो मिळाला. मिरज रोडच्या भंगारातून, 1.3 लिटर डिझेल स्विफ्टचा, 3500 रुपये. शाफ्ट हातानं हलवून पाहिला. आडवा किंचित खेळ, पुढे-मागे अजिबात नाही, म्हणजे ठीक.

आता हिशोब. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर. इथं हवेचा दाब 101 नव्हे, 95 किलोपास्कलच्या आसपास भरतो. आम्हाला बूस्ट हवा 0.35 बार, म्हणजे 95 चे 130. गुणोत्तर 1.37. हे बघून ग्रुपमधला विट्याचा म्हणाला, "37 टक्के पॉवर!" पण हवा दाबली की तापते. 35 अंशांची हवा, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर ती बाहेर पडते 83 अंशांच्या आसपास. तापलेली हवा विरळ. म्हणून सिलिंडरमध्ये खरोखर जास्त जाणारी हवा फक्त 18-19 टक्के. इंटरकूलर लावला तर हाच आकडा 29 पर्यंत जाईल. पण आमचं बजेट संपत आलंय, आणि इंटरकूलरनं इंजिनाचं डोकं थंड होत नाही, आत जाणारी हवा थंड होते. आधी डोकं.

27 नोव्हेंबर

कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी की नंतर, यावर दोन दिवस वाद. आधी ठेवला तर काम सोपं, कॉर्व्हेअरमध्ये तसाच होता. पण थ्रॉटल मिटल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी व्हॅक्यूम तयार होतो आणि तो टर्बोच्या शाफ्टवरून ऑइल ओढतो. त्यासाठी खास कार्बन सील लागतं. डिझेल इंजिनाला थ्रॉटलचा हा त्रास नसल्यामुळे आमच्या टर्बोत ते सील नाही. म्हणजे कार्ब्युरेटर नंतर, आणि तो दाबाखाली चालणार.

त्यातली गोम अशी. मूळ पंप पेट्रोल साधारण 0.2 बारनं ढकलतो. कार्ब्युरेटरच्या आत 0.35 बार बूस्ट आला की पेट्रोल आत जाणारच नाही, उलट मागे येईल. आणि हे घडणार ऐन जोरात असताना, जेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं. मिश्रण कोरडं पडलं की पिस्टनला भोक. म्हणून इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर, जो पेट्रोलचा दाब नेहमी बूस्टपेक्षा 0.2 बार वर ठेवतो.

शिवाय पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याला हवेच्या मानानं इंधन जास्त लागतं, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) दोन पायऱ्या मोठा. जुने रबरी पाइप सगळे काढून टाकले. एक हातातच मऊ झाला होता, चघळलेल्या च्युइंगमसारखा.

22 डिसेंबर

एक्झॉस्टचे चार पाइप एकत्र आणून टर्बोच्या फ्लॅंजपर्यंत नेले. वेल्डिंग दोनदा तडकलं. तिसऱ्यांदा पाइपाला मध्ये सरकता सांधा दिला, तेव्हा टिकलं. यावर जास्त लिहीत नाही.

3 जानेवारी 2026

निळा धूर. महापालिकेचं डासांचं फॉगिंग परवडलं.

टर्बोचं सील गेलं असं समजून तो खोलणार होतो. तासगावचीनं थांबवलं. तिनं ऑइल परत जाणारी नळी काढून बघितली. आम्ही 12 मिमीची लावली होती, तीही मध्ये पोटासारखी खाली लोंबणारी. टर्बोत ऑइल दाबानं जातं, पण बाहेर पडताना फेसाळलेलं, फक्त वजनानं खाली उतरतं. वाट अरुंद मिळाली की ते आत साठतं आणि सीलमधून डोकावतं. 19 मिमीची नळी, सरळ उतार, संपच्या (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) झाकणात वेल्ड केलेली नवी नळकांडी. धूर बंद. सील चांगलंच होतं.

17 जानेवारी

आज थोडक्यात वाचलो.

पहिल्यांदा लोड देऊन बूस्ट घेतला. 2400 ला टर्बोची शिट्टी सुरू झाली, काटा 0.2, 0.3, 0.4, आणि थांबेचना. 0.7 ला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. जतच्यानं इग्निशन तोडलं. तीन सेकंद, फार तर चार.

कारण लाजिरवाणं आहे. वेस्टगेटचा ॲक्च्युएटर डिझेलचा. त्याची स्प्रिंग एक बारच्या वर उघडायसाठी बनवलेली. आम्ही टर्बो घेतला, त्याच्यासोबत त्याची हौसही घेतली, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. प्लग काढून बोअरस्कोपनं आत पाहिलं. पिस्टन शाबूत.

सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, फक्त वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं : "बूस्ट 0.5 ला इग्निशन आपोआप बंद व्हायला हवं. तोवर चालू करायचं नाही." प्रेशर स्विच आणि रिले, 640 रुपये.

28 जानेवारी

मऊ स्प्रिंग घातली, दांडीची लांबी जुळवली. बूस्ट 0.35 वर स्थिर. डिस्ट्रिब्यूटरही बदलला, कारण जुन्याला ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) फक्त व्हॅक्यूमवर मिळत होता आणि बूस्टमध्ये व्हॅक्यूम कुठला? वजनांवर चालणारा लावून 3000 ला एकूण ॲडव्हान्स 24 अंश ठेवला. नॉकिंग नाही. मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरवर (बाजा या विद्यार्थ्यांच्या गाडी-स्पर्धेच्या टीमकडून उसना, परत द्यायचाय) मिश्रण श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त, बाजूला. सगळं मनासारखं.

फक्त तीन नंबर. दीड मिनिटात 224. बाकीचे तिघं 190 च्या आत. आम्ही 200 ही मर्यादा ठरवलीय. पाच वेळा चालवलं, पाचही वेळा तीन नंबरमुळे बंद केलं.

6 फेब्रुवारी

गाडीत इंजिनाभोवती पत्रे असतात. वरची थंड हवा वर, खालची गरम हवा खाली. स्टँडवर ते नाहीत, त्यामुळे टर्बोची धग थेट पंख्याच्या तोंडात जात होती. जीआय पत्र्याची भिंत उभी केली. तीन नंबर 224 चा 215 वर आला. बाकीचेही तेवढेच उतरले. म्हणजे रोग वेगळाच.

ऑइल कूलर बाहेर काढून वेगळा पंखा दिला. 209. वहीत ज्याला "अपेक्षित" म्हणून मोकळे झालो होतो, ते कारण फक्त सहा अंशांचं निघालं.

10 फेब्रुवारी

थर्मोकपल खोटं बोलतंय का? तीनचं चारला, चारचं तीनला लावलं. तीनच गरम.

तीन नंबरला पेट्रोल कमी मिळतंय का? जतच्याचं म्हणणं तेच, आणि प्लगही पांढरट निघाला. पण या इंजिनाच्या हेडला दोन सिलिंडरमध्ये मिळून इनटेकचं तोंड एकच आहे. तीन आणि चार एकाच ताटात जेवतात. एक उपाशी आणि एक पोटभर, असं होईल तरी किती? म्हणजे पेट्रोल नाही. राहिली थंड करणारी हवा.

पण बॅरल तर आम्हीच घासून-पुसून बसवली होती.

13 फेब्रुवारी

रात्री नऊ वाजता पंख्याचं घर उचललं. लॅबचे दिवे घालवले. विट्याच्यानं वरून मोबाइलची बॅटरी लावली आणि मी स्टँडखाली पाठीवर झोपून वर बघितलं. एक नंबर : पाकळ्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा. दोन : रेघा. चार : रेघा. तीनच्या बॅरलमधूनही रेघा. पण हेडच्या जागी, प्लग आणि एक्झॉस्टच्या मध्ये, काळोख.

तिथं हेडच्या ओतकामात आरपार खिडक्या असतात, करंगळीही जाणार नाही एवढ्या. सगळ्यात जास्त उष्णता तिथंच आणि हवेची वाटही तीच. हेड आम्ही वरून ब्रशनं साफ केलं होतं. कम्बशन चेंबर चकचकीत, व्हॉल्व्ह ग्राइंड केलेले. या खिडक्यांत कुणी डोकावलंच नव्हतं.

सायकलची तार मागवली. टोक वाकवून आत घातली आणि फिरवली, तर माझ्या चेहऱ्यावर भुकटी पडली. करडी, पिठासारखी मऊ. मग खपल्या. दोन मुठी भरल्या.

मी सांगलीवाडीचा. हा गाळ मी ओळखतो. 2019 ला आमच्या घरात पाणी शिरलं, ते गेल्यावर दहा दिवस आम्ही तोच उपसत होतो. भिंती धुतल्या, रंग दिला, आणि वर्षभरानं आईनं शिलाई मशीन उघडलं तर आत तोच, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा वाळलेला. स्विचबोर्डात निघाला, ट्रंकेच्या बिजागरीत निघाला. पुराचं इंजिन आहे हे पहिल्या दिवशी वहीत मीच लिहिलं. आणि तीन महिने मी ऑइल कूलरच्या जागेवर भाषण देत होतो.

खिडकीत ओतकामाचा एक पातळ पापुद्राही होता, कारखान्यातूनच राहिलेला. त्याच्यामागे गाळ अडकला आणि पक्का झाला. बाकीच्या खिडक्यांत तो पापुद्रा नव्हता. तो बारीक कानशीनं काढला, मग हवेची नळी मारली. लॅब असिस्टंट सकाळी काय म्हणतील ते म्हणोत.

16 फेब्रुवारी

3000 आरपीएम, बूस्ट 0.35, पूर्ण लोड, तीन मिनिटं. तीन नंबर 191. बाकीचे 183 ते 187. पहिल्यांदाच इंजिन आम्ही आमच्या वेळेला बंद केलं.

टॉर्क 81. म्हणजे 25.4 किलोवॅट.

20 फेब्रुवारी

68 वरून 81, म्हणजे 19 टक्के. हिशोबाशी जुळतं म्हणून सगळे खूश. रिपोर्टचं पान टाइपही झालं होतं. तासगावची म्हणाली, "पण 68 हा आकडा गाळ भरलेल्या इंजिनाचा आहे."

कुणाला ऐकायचं नव्हतं. टर्बो काढायचा, जुना सायलेन्सर, जुना जेट, जुनं टायमिंग, सगळं परत लावायचं. दोन दिवस गेले. विनाटर्बोचा नवा आकडा : 69. वाढ 17 टक्के. टाइप केलेलं पान फाडलं.

24 मार्च

सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टर्बोबद्दल दोन प्रश्न विचारले आणि गाळाबद्दल सहा. सायकलची तार टेबलावर ठेवली होती, ती उचलून पाहिली.

5 एप्रिल

इंजिन मिरजेला, काकांच्या गाडीत. मूळ कार्ब्युरेटर, मूळ डिस्ट्रिब्यूटर, कूलर त्याच्या जुन्या जागी. 6 व्होल्टची बॅटरी, त्यामुळे स्टार्टर कुथत-कुथत फिरला आणि आमचे चौघांचेही श्वास अडकले. मग धरलं. काकांनी बराच वेळ तसंच चालू ठेवलं, दार उघडं टाकून, एक पाय बाहेर.

"ह्या पावसाळ्यात नदी चाळीस फुटांवर गेली की आधी ही बाहेर काढायची," ते म्हणाले.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. "2019 ला पण हेच म्हणाला होतात."

7 एप्रिल

टर्बो, रेग्युलेटर, प्रेशर स्विच पोत्यात बांधून लॅबच्या कपाटात. वाइडबँड सेन्सर परत केला. संपचं वेल्ड केलेलं झाकण पुढच्या बॅचला लागेल, त्याच्यावर पेंटनं "19 मिमी" लिहून ठेवलंय.